एक डागी संत्रं

शेंदूरजनाघाटाहून संत्र्यांचं कॅरेट आलं की आमच्या घरी एक नियम लागू होतो. मी एकेक फळ हातात घेऊन, फिरवून, बघून झाल्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही. बायकोनं नाही, शेजारणीनं नाही. माझी बायको संध्या दरवर्षी करवादते, "संत्री हायेत का हिरेमोती?" मी ओसरीवर जुनी चादर अंथरतो, दाराकडे पाठ करून बसतो आणि एकेक फळ उचलतो. वास असा की जिभेच्या मुळाशी आपोआप पाणी सुटतं. तरी खायचं नाही. आधी बघायचं.

यंदा कॅरेट आलं त्याच सकाळी पेपरात सुयोगचा फोटो आला. नागपूरच्या एका मोठ्या फुटबॉल क्लबानं त्याला मॅनेजर नेमलं. खाली 'होतकरू तरुण मॅनेजर' वगैरे. फोटोत गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर तेच जुनं अर्धवट हसू, म्हणजे मनात काय चाललंय याचा समोरच्याला पत्ता लागू नये असं. मी पेपर संध्याच्या नाकासमोर धरला. म्हटलं, "हा पोट्टा होतकरू हाय, हे सगळ्यात आंधी म्या सांगतलं होतं."

"आन् सगळ्यात आंधी शिव्या बी तुमीच देल्या होत्या," ती म्हणाली.

खरं आहे. दोन्ही खरं आहे.

चार हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडचा हिवाळा काही लोक म्हणतात तसा गुलाबी-बिलाबी नसतो. तो आंबट असतो. भातकुलीला आमची काळी जमीन आहे. पहाटे हरभऱ्यातून चाललं की पानांवरची आंब पोटऱ्यांना लागते आणि दिवसभर चरचरत राहते. तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून टोपलीत येतात, त्या सोलता सोलता गप्पा रंगतात. आणि बाजारात आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्यात पिकणारी, संत्री उतरली की सगळ्या अमरावतीच्या बोटांना एकच वास येतो. एसटीत, हापिसात, लग्नाच्या बैठकीत. मला मात्र त्या वासाबरोबर नेहमी आणखी एक वास येतो. घामानं भिजून वाळलेल्या, पुन्हा भिजलेल्या गोलकीपरच्या हातमोज्यांचा. संध्या त्यांना घरात घेऊ देत नसे. एकवीस वर्षं ते हातमोजे अंगणातल्या तारेवर राहिले.

हो, एकवीस वर्षं मी आमच्या क्लबाचा गोलकीपर होतो. क्लबाला चांगलं भारदस्त नाव आहे, पण मैदानाच्या कडेला मोठी चिंच असल्यामुळे सगळे त्याला चिंचेखालचा क्लबच म्हणतात. तिथं मला कोणी नावानं हाक मारत नाही. लहानथोर सगळ्यांचा मी 'भाऊ'. गोलात कोण उभं राहणार हा प्रश्न तिथं कुणी विचारतच नसे. सूर्य कुठून उगवणार हे कोणी विचारतं का?

त्या वर्षी आमचे जुने मॅनेजर मुलाकडे राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. आप्पा आमचे अध्यक्ष. निवृत्त मास्तर, ऐंशीच्या घरातले, धोतर आणि वर स्वेटर. ते म्हणाले, "मॅनेजर कायले पाह्यजे बापा? बँक काढाची हाय का?" त्यांच्या मते मॅनेजर म्हणजे चेंडूत हवा भरून ठेवणारा माणूस. मी बैठकीत उठलो आणि सुयोगचं नाव घेतलं. शेंदूरजनाघाटचा पोरगा, बापाचा संत्र्याचा बगीचा, अमरावतीला शिकायला होता तेव्हा आमच्याकडूनच खेळलेला, गुडघा गेला म्हणून खेळ सुटला तर रीतसर प्रशिक्षणाची परीक्षा देऊन आलेला. चोवीस वर्षांचा. आप्पा म्हणाले, "लहान हाय."

"लहान हाय म्हणूनच तर," मी म्हटलं. "आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही."

आता काय लपवायचं, हेच माझं खरं कारण होतं. मला आपल्या ऐकण्यातला मॅनेजर हवा होता, कारण मला माझी जागा सांभाळायची होती. माझा डावा डोळा अधू झाला होता. खूप वर्षांपूर्वी एकाचा बूट डोळ्यावर बसला होता, तेव्हा पंधरा दिवसांत बरं वाटलं. पण त्या वर्षी पोळ्यापासून डाव्या बाजूला दुधाची साय धरल्यासारखं दिसायला लागलं. दवाखान्यात जाणं म्हणजे स्वतःच्या पायानं जाऊन जागा सोडणं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून कोणाला सांगितलं नाही, संध्यालाही नाही. संध्याकाळी गाडी चालवणं सोडलं, म्हटलं कंबर दुखते. मी कॅप्टन, त्यामुळे नाणेफेक माझी. जिंकली की उत्तरार्धात उतरतं ऊन उजव्या हाताला राहील अशीच बाजू घ्यायचो आणि वाऱ्याचं कारण सांगायचो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला का ठाऊक नव्हतं? पण झाकून ठेवलं होतं खरं.

सुयोगची नेमणूक झाली त्याचा आप्पांना एवढा आनंद झाला, की आधीचा सगळा विरोध विसरून त्यांनी सत्कार ठरवला. आणि वऱ्हाडात सत्कार म्हणजे रोडगे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वरून तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. चिंचेखाली पंगत बसली. आप्पा स्वतः वाढायला. "घे रे, अजून एक घे, खेळाले ताकत लागते." सुयोग हळूच म्हणाला, "आप्पा, चार वाजता सामना हाय." आप्पा म्हणाले, "म्हणूनच तं!" नव्या मॅनेजरनं ताट पुढं केलं. ऐंशी वर्षांचा माणूस तूप घेऊन समोर उभा, त्याला नाही कसं म्हणणार? चार वाजता आमचे अकराच्या अकरा खेळाडू मैदानात उतरले ते पोटावर हात ठेवून. पाहुणा संघ आमच्याभोवती कबुतरांसारखा उडत होता आणि आम्ही बघत होतो. सेंटर फॉरवर्डला एकदा चेंडू मिळाला, तर तो म्हणाला, "राहू दे आता, वाकवत नाही." पाच गोल झाले. अजूनही चिंचेखाली कोणी आळस केला तर 'रोडगे खाऊन आला काय बे?' असंच विचारतात.

सामना संपल्यावर सुयोग बराच वेळ एकटा गोलाच्या खांबाला टेकून उभा होता. मी पाठीवर थाप मारायला गेलो. तो म्हणाला, "भाऊ, चूक माही हाय. मले नाही म्हनता आलं नाही." मी म्हटलं, "शिकशील हळूहळू." मनातून मात्र मला बरं वाटलं. नाही म्हणता न येणाराच मॅनेजर मला हवा होता.

त्यानंतरच्या रविवारी त्यानं सगळ्या संघाला शेंदूरजनाघाटला नेलं. बापाच्या बगीच्यात तोडणी चालली होती, माणसं कमी होती. म्हणाला, सरावही होईल आणि मदतही होईल. सकाळचं ऊन कोवळं, झाडांखाली गवताचे ढीग आणि त्यावर ओतलेली संत्री. हिरव्यात एवढं पिवळंधमक एकदम बघितलं की उगाचच हसू येतं. आम्ही घोळक्यानं बसलो आणि निवडायला लागलो. मोठं एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला, डागी तिसरीकडे. सुयोगचे वडील सांगत फिरत होते, "कोनत्या झाडाचं हाय ते पाहू नका, बापा. फय पाहा. माह्या हातानं लावलेलं झाड म्हणून मी डाग माफ करत नाही." आमची पोरं संत्री फेकाफेकी करत होती, गाणी म्हणत होती. मी जुना माणूस, सगळ्यांत भरभर निवडत होतो आणि त्याचा दिमाखही मिरवत होतो. सुयोग येऊन माझ्या डाव्या बाजूला बसला. मधूनमधून माझ्या कॅरेटमध्ये हात घालून काहीतरी हलवत होता. मला वाटलं, रचतोय. दुपारी ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि झाडावरून तोडलेली संत्री खाऊन आम्ही परतलो. जीपमध्ये सगळे झोपले. मी जागा होतो आणि फार सुखात होतो.

चारच दिवसांनी त्यानं अकोल्याच्या सामन्याचा संघ सांगितला. अकोल्याशी आमचा दरवर्षी एक सामना असतो. एका वर्षी ते येतात, एका वर्षी आम्ही जातो. बाकी सगळं हरलं तरी चालतं, अकोल्याकडून हरायचं नाही, असा आमच्याकडे पंथच आहे. सुयोगनं कागदावरून पहिलं नाव वाचलं, "गोल, फैजान."

फैजान म्हणजे एकोणीस वर्षांचा राखीव गोलकीपर. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो माझ्याकडे बघायला लागला. सगळेच माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, "काहून?"

सुयोग कागदावरून नजर न काढता म्हणाला, "मले नवीन गोलकीपर घडवाचा हाय, भाऊ. तुमचं वय झालं."

एकोणीस पोरांसमोर! मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, यापासून सुरुवात केली आणि त्याच्या बापापर्यंत पोचलो. तुझं नाव कोणी सुचवलं होतं, विसरला का? तो कागदावरची पुढची नावं वाचत राहिला. आप्पांनीही त्याला बोलावून झापलं. दोन जुने खेळाडू म्हणाले, आम्ही खेळत नाही. पोराला नाव पडलं 'बेइमान'. त्यानं तेही ऐकून घेतलं, फक्त संघ बदलला नाही. रोडग्याला नाही न म्हणू शकलेला पोरगा एकदम लोखंडी झाला होता.

मी अकोल्याला जाणार नव्हतो. पण तिथल्या जठारपेठेत माझी मोठी बहीण राहते, आणि अकोल्याचा सामना म्हणजे संघाचं जेवण ताईकडे, ही वीस वर्षांची रीत. मी नाही गेलो तर ती विचारणार आणि सगळं सांगावं लागणार. म्हणून गेलो. जीपमध्ये सगळ्यांत मागे, तोंड खिडकीकडे. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा सुयोगनं माझ्यासाठी कप आणला. मी घेतला नाही. तो कप धरून उभा राहिला आणि शेवटी स्वतःच प्यायला. ताईला त्यानं आदल्या दिवशीच फोन करून जेवण सामन्यानंतर ठेवायला लावलं होतं. ती जाम चिडली होती. "माह्या घरून आजपावतो कोनी उपाशी पोटी खेळाले गेलं नाही!" पण तिनं ऐकलं. मला वाटलं, याला नाही म्हणायला चांगलंच यायला लागलं.

मी आमच्या गोलाच्या मागे जाऊन बसलो. आणि सांगतो, मनातून मला वाटत होतं, फैजानकडून गोल व्हावेत. एक नाही, तीन-चार. म्हणजे सगळे सुयोगकडे वळतील. चाळिशी उलटलेला माणूस, दोन लेकरांचा बाप, आपल्याच संघाचं वाईट चिंतत बसला होता. आठवलं की आजही कान गरम होतात.

शेवटची दहा मिनिटं राहिली होती, एकेक बरोबरी होती. ऊन उतरलं होतं, थेट डाव्या हाताला. अकोल्याच्या पोरानं कडेवरून उंच चेंडू मारला. मी त्याच्या पायाकडे बघत होतो. पाय हलला, आणि मग काहीच नाही. नुसतं पांढरं. चेंडू कुठं आहे ते मला कळेना. मी मान फिरवली, डोळे चोळले, आणि तेवढ्यात टाळ्यांचा आवाज झाला. फैजाननं उडी मारून चेंडू मुठीनं बाहेर काढला होता. सगळे त्याच्यावर तुटून पडले. मी तिथंच बसून राहिलो. गोलात मी असतो तर गोल तर झालाच असता, वर चेंडू आला होता हेही मला कळलं नसतं. सामना बरोबरीत सुटला. अकोल्यात बरोबरी म्हणजे आमच्यासाठी जिंकल्यासारखंच.

ताईच्या घरी पंगत बसली. तिचा राग वाटाण्याच्या उसळीत आणि गुळाच्या शिऱ्यात विरघळला होता. फैजानला तिनं जवळ बसवून वाढलं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, कारण माझ्या तोंडाकडे बघून कोणी बसत नव्हतं. सुयोग येऊन बसला. ताईनं सगळ्यांच्या ताटाच्या डाव्या अंगाला पाण्याचे पेले ठेवले होते. सुयोग फैजानशी कुठल्याशा चुकीबद्दल बोलत होता. बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, त्यानं माझा पेला उचलला आणि उजव्या बाजूला ठेवला. आणि बोलणं तसंच चालू ठेवलं.

माझा घास हातातच राहिला. मला बगीचा आठवला. माझ्या डाव्या बाजूला बसून तो कॅरेटमध्ये काय हलवत होता ते आठवलं. मी चांगल्यात टाकत होतो ती डागी संत्री तो गुपचूप काढत होता.

जेवण झाल्यावर मी त्याला अंगणात गाठलं. "तुले कवापासून माहीत हाय?"

"बगीच्यात खात्री झाली," तो म्हणाला. "डाव्या अंगाची सतरा फयं डागी होती, भाऊ. उजव्या अंगाचं एक बी नाही."

"मंग सगळ्यांसमोर वय झालं असं काहून म्हनला? डोया गेला म्हनाचं होतं."

"डोया तुमचा हाय. सांगाचं का नाही ते तुमी ठरवाचं," तो म्हणाला. "मले शिव्या पडल्या त्या काय, पडत राहतात."

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, ताईच्या तुळशीपाशी उभा राहून मी लहान पोरासारखा रडलो. सुयोगला काय करावं कळेना. तो खिशातून संत्रं काढून सोलायला लागला. अर्धं मला दिलं. आम्ही खाल्लं, आणि बिया ताईच्या कुंडीत टाकल्या म्हणून दोघांनीही बोलणी खाल्ली.

घरी जाऊन त्याच रात्री संध्याला सांगितलं. ती डोळ्याबद्दल काही बोलली नाही, लपवल्याबद्दल मात्र अजूनही बोलते. डॉक्टर म्हणाले, जुन्या माराचा मोतीबिंदू आहे, एवढे महिने काय करत होतात? संक्रांतीच्या आधी शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा दिसला तो दवाखान्याच्या भिंतीवरचा निळा रंग. एवढा निळा! मी नर्सबाईंना विचारलं, आत्ताच रंग दिला का? आणि मग चिंचेखाली जाऊन, सगळ्यांना जमवून, सगळं सांगून टाकलं. आप्पा उठून सुयोगपाशी गेले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मी पुन्हा गोलात उभा राहिलो नाही. राहता आलं असतं. पण फैजान चांगला होता, आणि मला त्याला शिकवताना मजा यायला लागली होती. आता माझ्या हाताखाली तीन गोलकीपर आहेत. हातमोजे अजून तारेवरच असतात, फक्त तीन जोड जास्त.

पुढच्या हिवाळ्यात सुयोगनं पहिलं कॅरेट पाठवलं. सोबत चिठ्ठी, 'यात एकच डागी हाय, सापडलं की फोन करा.' मी दहा मिनिटांत शोधून काढलं आणि फोनवर ओरडलो. तेव्हापासून दरवर्षी हा खेळ चालतो. डाग दरवर्षी बारीक होत जातो. मागच्या वर्षी देठाच्या खाली मोहरीएवढा होता. तो नागपूरला गेला, मोठ्या लोकांत उठबस सुरू झाली, तरी कॅरेट चुकलं नाही.

यंदा मी निवडायला बसलो आणि सापडेना. एकदा पाहिलं, सगळी फळं चोख. पुन्हा पाहिलं. उन्हात नेऊन पाहिलं. तिसऱ्यांदा प्रत्येक फळ उजवा डोळा झाकून, नुसत्या डाव्यानं पाहिलं. एका फळावर नखाएवढा फिकट ओरखडा होता, पण तो काही डाग नव्हता, फांदी घासल्याची खूण होती. मनात आलं, फोन करावा आणि म्हणावं, सापडलं, देठापाशी आहे. कोण तपासायला येतंय? पोराचा पहिला दिवस मोठ्या क्लबात, त्याला कशाला घोर लावायचा? पण पुन्हा साय धरायला लागली की काय? अर्धा तास ते फळ हातात घेऊन बसलो. मग फोन लावला.

"सापडलं काय, भाऊ?" मागे शिट्ट्या, पोरांचा गलका.

"नाही रे," मी म्हटलं. "तीनदा पाह्यलं. मले नाही दिसलं. उद्या जाऊन येतो डॉक्टरकडे."

तिकडचा गलका मागे पडला. मग म्हणाला, "नका जाऊ. यंदा टाकलंच नाही."

"टाकलं नाही? मंग सकायपासून मले काहून बसवून ठेवलं बे?"

"डोये तं तुमचे कवाच बरे झाले," सुयोग म्हणाला. "दिसत नसलं तं तुमी तसं सांगता का, तेवढंच पाहाचं होतं."

मी त्याला अस्सल वऱ्हाडी शिवी दिली. मोठ्या क्लबाच्या मॅनेजरला चालेल का, याचा विचारही केला नाही. तो तिकडे मोठ्यानं हसला आणि सरावाला पळाला. मी फोन ठेवला, डोळे पुसले आणि आत हाक मारली, "ये वो संध्या, खा आता. सगळी चांगली हायेत."